1969 च्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग : एका हिवाळ्याचे काम

मिशिगन राज्यातील मिडलंड या गावी आम्ही राहतो. चार वर्षांपूर्वी एका शेतकरी कुटुंबाकडून मी 1969 सालची शेव्हरोले सी-10 पिकअप विकत घेतली. तिच्या ओळखक्रमांकाची सुरुवात सीएस149एफ अशी होते. जाणकाराला त्यातून बरेच कळते: मागच्या दोन चाकांना शक्ती असलेली, सहा सिलिंडरची, अर्ध्या टनाची, 1969 च्या मालिकेतली आणि फ्लिंटच्या कारखान्यात जुळवलेली गाडी. फ्लिंट आमच्यापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे एवढ्या वर्षांत ही गाडी जन्मस्थानापासून फारशी लांब गेलेली नाही. इंजिन 250 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 4.1 लिटरचे, आणि गिअर चार, तेही जमिनीवरच्या लांब दांड्याचे. पेट्रोलची टाकी त्या काळच्या रीतीप्रमाणे केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे आहे. गाडी सुस्थितीत होती आणि चालायला लागली की छान चालत असे. तक्रार होती ती ती उभी असताना वळवण्याची.

उभ्या गाडीचे चाक फिरवणे ही त्या गाडीत कुस्तीच होती. दुकानाच्या आवारात दोन गाड्यांच्या मध्ये ती घालायची म्हणजे दोन्ही हातांनी सुकाणू धरून, पाठ आसनाला टेकवून, खांद्यातून जोर लावावा लागे. लहानपणी सांगलीच्या स्टँडवर फलाटाला गाडी लावणारे एसटीचे चालक मी पाहिले होते. ते आसनावरून अर्धवट उठून त्या मोठ्या चाकावर अक्षरशः ओणवे होत असत, आणि त्यांची ती ढब आता माझ्या वाट्याला आली होती. पत्नीने दोनदा गाडी चालवून पाहिली आणि मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "हिला वळवायला माणूस ठेव, मग मी चालवीन." त्या शरद ऋतूत माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि जड ओढाताण बंद करायला सांगितली. मग पॉवर स्टिअरिंगचा, म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलाच्या मदतीने चाके वळवणाऱ्या यंत्रणेचा, विचार पक्का झाला.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची उमेदीची सगळी वर्षे सॅगिनॉच्या स्टिअरिंग गिअर कारखान्यात लेथवर आणि मिलिंग मशीनवर गेली. सॅगिनॉ आमच्या गावाच्या आग्नेयेला अर्ध्या तासावर आहे आणि तेथे जनरल मोटर्सचा स्टिअरिंग बनवणारा विभाग होता. दुसऱ्या महायुद्धात याच विभागाने ब्राउनिंग मशीनगन आणि एम-1 कार्बाइन बनवल्या. आज तो कारखाना नेक्स्टीअर या नावाने चालतो. एवढा अनुभवी माणूस कुंपणापलीकडे असताना मी त्यांना विचारले नसते तरच नवल. माझा बेत ऐकून त्यांनी पंपाबद्दल किंवा किमतीबद्दल काहीच विचारले नाही. एवढेच विचारले, "जडपणा नेमका कुठून येतो, हे आधी मोजलेस का?"

मी मोजले नव्हते. जुनी गाडी म्हणजे स्टिअरिंग जड असणारच, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा आणायला लावला. तो सुकाणूच्या कडेला अडकवून, कडेला स्पर्शरेषेत ठेवून ओढायचा आणि चाक हलू लागते त्या क्षणीचा आकडा वाचायचा, एवढीच पद्धत. गॅरेजच्या काँक्रीटवर उभ्या गाडीत काट्याने 45 पौंड दाखवले. मग पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. आता टायर हवेत, म्हणजे जमिनीचे घर्षण नाही, तेव्हा आकडा नगण्य असायला हवा होता, पण तो 7 पौंड आला. सुकाणूचे फिरणे स्टिअरिंग बॉक्स नावाच्या दातेरी पेटीत जाते आणि तिच्यावरचा पिटमन आर्म ते चाकांच्या दांड्यांना देतो. शेवटी हा पिटमन आर्म, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ड्रॉप आर्म म्हणतात, तो पुढच्या दांड्यापासून सोडवला आणि फक्त बॉक्स फिरवून पाहिला. बरोबर मध्यावर तो अडत होता आणि मध्य ओलांडला की मोकळा होत होता.

दोष एक नव्हता, चार होते. डावा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळते तो गोल सांधा, कोरडा पडून जवळजवळ जाम झाला होता. स्टिअरिंगच्या दांड्याला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या आयडलर आर्मला ग्रीस कधी मिळाले होते, देव जाणे. टायरमध्ये हवा 26 पीएसआयच (पौंड प्रति चौरस इंच) होती. चौथा दोष सर्वांत बोलका होता. आधीच्या कोणीतरी सुकाणूतला ढिलेपणा घालवण्यासाठी बॉक्सच्या वरचा समायोजन-स्क्रू बेताबाहेर आवळला होता. या बॉक्सची रचनाच अशी असते की दाते मध्यभागी किंचित घट्ट बसतात आणि दोन्ही टोकांना सैल असतात, म्हणजे सरळ जाताना गाडी डगमगत नाही. पण झीज झालेल्या बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलेपणा काढू गेले की मध्यभाग आवळला जातो, आणि चालकाला वाटते की गाडी मुळातच जड आहे.

बॉल जॉइंट बदलले, आयडलर आर्म नवा घातला, बॉक्समध्ये वंगण भरले, स्क्रू पुस्तिकेप्रमाणे लावला आणि हवा 35 पीएसआय केली. काँक्रीटवरचा आकडा 45 वरून 31 वर आला. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जडपणा हा देखभालीच्या अभावाचा होता आणि त्यावर पंप बसवला असता तर तो दोष फक्त झाकला गेला असता. सुकलेला बॉल जॉइंट पंपाच्या जोराने वळत राहिला असता आणि एखाद्या दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता तुटला असता. शेजारचे गृहस्थ एवढेच म्हणाले की आता पुन्हा विचार कर.

मी विचार केला, आणि तरीही काम करायचे ठरवले. 31 पौंडही माझ्या खांद्याला जास्त होते. शिवाय उरलेला जडपणा दुरुस्तीने जाणारा नव्हता, कारण तो रचनेतच होता. ही गाडी बनली तेव्हा अरुंद, उभट, बायस प्लाय या जुन्या रचनेच्या टायरांची चलती होती. आता तिच्यावर रुंद रेडियल टायर आहेत आणि त्यांचा जमिनीशी टेकणारा भाग मोठा आहे. कारखान्याने हाताच्या स्टिअरिंगला 24 ला 1 असे प्रमाण दिले होते, म्हणजे सुकाणूचे 24 अंश फिरवावे तेव्हा पिटमन आर्म 1 अंश सरकतो. जोर कमी लागावा म्हणून फेरे वाढवायचे, हा जुना व्यवहार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला सुकाणूचे सव्वापाच फेरे मोजता आले. अचानक हरीण आडवे आले, आणि आमच्याकडे ते हमखास येते, तर इतके फेरे फिरवायला वेळ मिळत नाही. पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सचे प्रमाण 17.5 ला 1 असते. हलकेपणाइतकाच मला हा चपळपणा हवा होता.

येथे थोडे या यंत्रणेबद्दल लिहायला हवे, कारण ती समजल्यावरच पुढच्या चुका टळल्या. पॉवर स्टिअरिंगची कल्पना मुळात मालवाहू गाड्यांच्याच जडपणातून जन्मली. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1920 च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी रचना तयार केली आणि 1926 मध्ये ती एका गाडीवर बसवून दाखवली. जनरल मोटर्सने तिच्यात रस घेतला, पण मंदीच्या काळात खर्च परवडणारा नव्हता. महायुद्धात लष्करी वाहनांवर ती वापरली गेली, आणि सर्वसामान्यांना विकत घेता येईल अशा मोटारीवर ती प्रथम आली 1951 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. ट्रकसाठी सुचलेली सोय आधी श्रीमंतांच्या मोटारीला मिळाली आणि माझ्या पिकअपसारख्या कामाच्या गाडीला 1969 मध्येही ती जादा पैसे मोजूनच घ्यावी लागत होती. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते मोजले नाहीत, हे त्याच्या शेतकरी स्वभावाला धरूनच होते.

या बॉक्सच्या आत सुकाणूचा दांडा आणि वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक कांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. चाके जमिनीला घट्ट टेकलेली असताना सुकाणू फिरवले की आधी ही कांडी केसभर पिळली जाते. त्या पिळामुळे तिच्याभोवतीच्या झडपेची छिद्रे उघडतात आणि पंपाकडून येणारे तेल पिस्टनच्या एका बाजूला घुसते. पिस्टन सरकतो, चाके वळतात, पीळ सुटतो आणि झडप पुन्हा मध्यावर येते. म्हणजे चालक चाके वळवत नाही, तो कांडी पिळतो. वळवण्याचे काम तेल करते. पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडले तरी दांडा आणि वर्म यांचा लोखंडी संबंध कायम राहतो आणि गाडी वळते, फक्त जड होते. पत्नीची पहिली शंका हीच होती, "मध्येच बंद पडले तर?" तिला जुन्या बॉक्सच्या शेजारी नवा बॉक्स ठेवून हे समजावले, तेव्हा ती राजी झाली.

सुटे भाग मिळवण्यात दीड महिना गेला. आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी पंपाचे ब्रॅकेट हवे तेवढे मिळतात, कारण बहुतेक हौशी लोकांच्या गाड्या त्याच असतात. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनासाठी ब्रॅकेट वेगळे, आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, पंपाच्या पट्ट्यासाठी जादा खाच असलेली पुलीही वेगळी. ती जोडी शेवटी भंगारातल्या एका 1971 च्या गाडीवर मिळाली. बॉक्सच्या बाबतीत मात्र मी फसलो. दुरुस्त केलेले बॉक्स विकणाऱ्या एका दुकानाने गाडीचा क्रमांक विचारून घेऊनही चार चाकांना शक्ती असलेल्या गाडीचा बॉक्स पाठवला. दोन्ही बॉक्स वरून भावंडांसारखे दिसतात, पण त्या गाडीत पिटमन आर्म पुढे-मागे झुलतो आणि माझ्या गाडीत तो डावीकडे-उजवीकडे झुलायला हवा. मी तो जवळजवळ बसवायलाच घेतला होता. पन्नासेक पौंडांचे ते धूड परत पाठवण्याचा खर्च माझ्याच माथी आला. दुसरा सापळा मोटारीच्या बॉक्सचा असतो. त्याच मालिकेचे, दिसायला तसेच बॉक्स मोटारींतही येत, पण त्यांपैकी काहींच्या आतील हालचाल मर्यादित असते, आणि असा बॉक्स बसवला की चाके पूर्ण वळत नाहीत. स्वस्तात मिळतो म्हणून तो घेणाऱ्याची गाडी मग गल्लीत तीनदा मागेपुढे करावी लागते.

जुना बॉक्स काढणे हा या कामाचा सर्वांत दमवणारा भाग ठरला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाडीच्या पोटाखालचे प्रत्येक नट-बोल्ट ते मीठ खाऊन बसलेले असते. पिटमन आर्मचा नट 1 पूर्णांक 5/16 इंचाचा. त्याला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारे तेल पाजले, तेव्हा तो चार फुटी नळी लावून सुटला. पण नट सुटला म्हणजे आर्म सुटला असे नाही. तो उतरत्या दातेरी दांड्यावर ठोकून बसवलेला असतो आणि पन्नास वर्षांत तो दांड्याशी एकजीव होतो. आर्म ओढून काढण्याचा साधा पुलर वाकला. चांगला पुलर एका दुकानातून अनामत ठेवून आणला, तो पूर्ण ताणून ठेवला आणि आर्मच्या बाजूवर दोन हातोडे समोरासमोर मारले. तरीही काही नाही. मग शेजारच्या गृहस्थांनी आर्मचा डोळा गॅस टॉर्चच्या ज्योतीने तापवला आणि पुलर तसाच ताणलेला ठेवून आम्ही चहा प्यायला आत गेलो. पाच मिनिटांनी गॅरेजमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला आणि आर्म जमिनीवर पडलेला सापडला. जुना आर्म मला वापरायचाच नव्हता, कारण पॉवर बॉक्सचा दांडा जाड असतो आणि त्याला त्याचाच आर्म लागतो, म्हणून तापवायला हरकत नव्हती. नवा भाग कोणी असा तापवू नये.

बॉक्स निघाल्यावर चॅसीची ती जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून भिंगातून पाहिली. पॉवर स्टिअरिंग आले की चॅसीच्या त्या भागावर पूर्वीपेक्षा जास्त जोर येतो आणि जुन्या गाड्यांत बोल्टच्या भोकांपासून भेगा निघण्याची शक्यता असते. माझ्या नशिबाने भेग नव्हती.

यानंतर आला सुकाणूच्या दांड्याचा प्रश्न, आणि मला वाटते या बदलातला हाच सर्वांत नाजूक भाग. पॉवर बॉक्स जुन्या बॉक्सपेक्षा लांब असतो. त्यामुळे त्याचे तोंड केबिनच्या दिशेने पुढे येते आणि मूळ दांडा व त्याच्यावरची नळी दोन्ही लांब पडतात. कारखान्यातून पॉवर स्टिअरिंगसह आलेल्या गाड्यांत हे दोन्ही भाग आखूडच असत. तसा भाग मिळाला तर उत्तम, मला मिळाला नाही. मग दांडा कापावा लागणार होता. कापलेल्या दांड्याला दुसरा तुकडा वेल्ड करून जोडलेले फोटो मी पाहिले आहेत आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा आला आहे. ज्या दांड्यावर आपला जीव अवलंबून आहे त्यावर हौशी माणसाने वेल्डिंग करू नये, हे माझे ठाम मत आहे, आणि शेजारच्या गृहस्थांचे मत माझ्याहून कडक होते. आधी बॉक्स आणि नवा जोड प्रत्यक्ष जागेवर बसवला, केबिनमधली नळी आवळली आणि मगच अंतर मोजले. मी एकदा मोजले, त्यांनी दुसऱ्यांदा मोजले, आणि आमच्या मोजणीत पाव इंचाचा फरक निघाला, म्हणून तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मोजले. मग त्यांनी दांडा कापून त्याच्या टोकाला मिलिंग मशीनवर दोन समांतर सपाट बाजू काढल्या. बाजारात अशा सपाट बाजूंच्या दांड्यावर बसणारे आणि दुसऱ्या तोंडाला बॉक्सचे दाते असणारे तयार जोड मिळतात. ते बोल्टने आवळले जातात आणि वेल्डिंग लागत नाही. मी घेतलेल्या जोडात कंप शोषण्यासाठी मध्ये रबर होते. त्या रबराने पुढे एक गंमत केली, तिच्याकडे येतोच.

बॉक्स बसवण्यापूर्वी तो मध्यावर आणावा लागतो. एका टोकापर्यंत फिरवायचा, दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे आणि बरोबर निम्मे परत यायचे. पिटमन आर्मचा नट 185 फूट-पौंडांनी आवळायचा असतो. माझा टॉर्क रेंच 150 लाच थांबतो, म्हणून तोही उसना आणला. आखडलेल्या खांद्याने 185 लावताना मला या सगळ्या खटाटोपाचे कारण पुन्हा एकदा चांगले आठवले.

पंप बसवायला अर्धा दिवस पुरला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच, पंपाची पुली हातोडीने ठोकून बसवायची नाही. तिला दाबून बसवण्याचे वेगळे अवजार मिळते, ठोकले तर पंपाच्या आतले भाग बिघडतात. तिन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत का ते पाहिले. पंपाची पुली पाव इंच मागे होती, ती ब्रॅकेटमागे वॉशर घालून पुढे घेतली.

तेलाच्या नळ्यांनी मात्र संध्याकाळ खाल्ली. जुन्या पंपांना आणि बॉक्सना उतरत्या तोंडाचे, इंचाच्या आट्यांचे जोड असतात, पुढच्या काळात रबरी रिंगचे, मिलिमीटरच्या आट्यांचे जोड आले. दुकानदाराने मला दाबाची जी नळी दिली तिचे एक टोक बरोबर होते आणि दुसरे पुढच्या काळातले होते. दोन आटे सहज गेले आणि तिसऱ्याला ते अडले. रेटून फिरवले असते तर बॉक्सचे तोंडच खराब झाले असते. दाबाची नळी जोडताना पहिले चार-पाच आटे बोटांनीच गेले पाहिजेत, पाना नंतर. ही सवय मला सायकलचे पेडल बसवताना लागली होती आणि ती येथे कामी आली.

तेल भरल्यावर लगेच इंजिन सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरून, पुढची चाके हवेत ठेवून, इंजिन बंद असतानाच सुकाणू सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे आणि तेलाची पातळी पाहत राहायचे. हे काम पत्नीकडे दिले. तिने तीस वेळा इकडून तिकडे फिरवले, मी टाकीवर वाकून बुडबुडे पाहत होतो आणि कमी झालेले तेल भरत होतो. विसाव्या वेळेनंतर बुडबुडे कमी झाले. मग इंजिन सुरू केले, आणि तरीही पंप घोगऱ्या आवाजात कण्हू लागला आणि टाकीतले तेल ताकासारखे फेसाळले. आत हवा उरली होती. त्या वेळी इंजिन चालू ठेवून फिरवत राहणे म्हणजे ती हवा तेलात आणखी घुसळणे. बंद केले, झाकण उघडे ठेवून रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी तेल पुन्हा स्वच्छ दिसत होते, पातळी दोन बोटे खाली गेली होती, आणि भरून सुरू केल्यावर आवाज गेला.

पहिली फेरी आमच्याच रस्त्यावर, सकाळी सातला, उणे 6 सेल्सियसमध्ये. चाक एका बोटाने फिरत होते आणि मी मूर्खासारखा हसत होतो. काँक्रीटवर स्प्रिंगच्या काट्याने 5 पौंडही दाखवले नाहीत. सव्वापाच फेऱ्यांचे आता चारच्याही थोडे आत झाले. वळणावर पत्नीने सहज हॉर्न दाबला आणि तो वाजला नाही. फ्यूज पाहिला, रिले पाहिला, सगळे ठीक. उत्तर त्या रबरात होते. या गाडीत हॉर्नच्या बटणाचा परतीचा वीजमार्ग सुकाणूच्या दांड्यातून बॉक्सकडे आणि तेथून चॅसीकडे जातो. माझ्या नव्या जोडातल्या रबराने तो मार्ग तोडला होता. रबराला वळसा घालून तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंना बोल्टखाली दाबला आणि हॉर्न वाजू लागला. कारखान्यातून आलेल्या मूळ जोडात ही सोय असते, हे शेजारच्या गृहस्थांनी मला नंतर, मिशीत हसत सांगितले.

दोन गोष्टी अजून बाकी होत्या. गाडी सरळ जात असताना सुकाणूची आडवी पट्टी डावीकडे कललेली होती. पटकन वाटते की सुकाणू काढून दोन दाते सरकवून बसवावे. पण तसे केले तर पट्टी सरळ दिसते आणि बॉक्स मात्र मध्यावर राहत नाही, आणि मघाशी सांगितलेली मधली घट्ट जागा सरळ रस्त्यावर उपयोगी पडत नाही. बरोबर मार्ग म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दोन्ही टाय रॉडच्या नळ्या सारख्याच मापाने, एक लांब आणि दुसरी आखूड करत फिरवणे. ते अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, वेळी होणार होते.

ती अलाइनमेंट मी स्वतंत्रपणे सांगून करून घेतली. महामार्गावर 55 मैल वेगाने जाताना गाडी इकडेतिकडे भटकत होती आणि वळणानंतर सुकाणू आपोआप परत येत नव्हते. हे पॉवर स्टिअरिंगचे अपयश नव्हते, जुन्या कोनांचे होते. चाकाचा वळण्याचा अक्ष वरच्या बाजूने किती मागे झुकलेला आहे, त्याला कॅस्टर म्हणतात. तो जितका जास्त, तितकी गाडी सरळ राहते आणि सुकाणू परत येते, पण चाके वळवायला जोर जास्त लागतो. म्हणून हाताच्या स्टिअरिंगसाठी कॅस्टर शून्याच्या आसपास ठेवलेला होता. आता जोर लावणारे तेल असल्यामुळे तो वाढवायला काहीच अडचण नव्हती. अलाइनमेंट करणाऱ्या तरुणाने संगणकातले 1969 चे आकडे वापरायला घेतले, तेव्हा मी त्याला थांबवून दोन्ही बाजूंना अडीच अंश मागितले. चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मच्या मागच्या पट्ट्या कमीजास्त करून त्याने ते मिळवले. परतीच्या रस्त्यावर गाडी वेगळीच वाटली. खरे तर पंप बसवल्यावर मला जो आनंद झाला होता, त्याहून मोठा फरक या अडीच अंशांनी पडला होता. चाक अजूनही हलके होते, पण आता त्याला स्वतःचे मत होते.

सगळ्याचा खर्च, परत पाठवलेल्या बॉक्सच्या भाड्यासह, 900 डॉलरच्या आसपास गेला. वेळ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, त्यातले बरेचसे शनिवार. इंजिन निष्क्रिय फिरत असताना चाक टोकापर्यंत नेले तर इंजिनाचा वेग खाली यायचा आणि पट्टा किंचाळायचा. निष्क्रिय वेग थोडा वाढवला, पट्टा ताणला, आणि चाक टोकाला धरून ठेवायची सवय सोडली, कारण तेथे पंप पूर्ण दाबाने आदळत असतो आणि तेल तापते. परतीच्या नळीच्या जोडाला अजून महिन्यातून एखादा थेंब येतो. तो शेजारच्या गृहस्थांना दिसतो आणि ते काही बोलत नाहीत.

जुना हाताचा बॉक्स मी धुऊन, ग्रीस लावून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवला आहे. त्याचे बोल्ट एका पिशवीत आणि कापलेल्या दांड्याचा तुकडा त्याच पिशवीत. पत्नीने विचारले, "हे कशाला जपून ठेवतोस?" पुढे कोणी ही गाडी मूळ रूपात आणायची म्हणाला तर त्याला निदान बॉक्स शोधावा लागणार नाही, असे मी सांगितले. तिने मान डोलावली, माझ्या हातातली किल्ली घेतली आणि बागेसाठी खत आणायला एकटीच गाडी घेऊन गेली. अर्ध्या तासाने हौदा भरून आली आणि गॅरेजच्या दारात ती गाडी एका झटक्यात उलटी वळवून लावली.